बदामांची बदली

आमच्या घरात आवडती गाणी ११४३ निघाली. मुद्दाम मोजायला कोणी बसलं नव्हतं. बाडबिस्तरा आवरायला घेतला तेव्हा आकडा समोर आला. घर सोडायचं नव्हतं. घर नाशिकला आहे तिथेच, गळक्या गच्चीसकट आहे. सोडायचं होतं ते गाण्यांचं ॲप.

झालं असं की बंगळुरूहून मुलाचा फोन आला. "बाबा, मी दुसरीकडचा फॅमिली प्लॅन घेतलाय. सहा जण चालतात. तुम्ही, आई, आजी, सगळे इकडेच या ना." नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांत तो "इकडेच या" असं पहिल्यांदाच म्हणाला, त्यामुळे बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. ॲपमध्ये या म्हणतोय, हे तिला मी सावकाश सांगितलं. त्या प्लॅनला सगळ्यांचा पत्ता एकच लागतो म्हणे. त्याने आमचा दिला. कागदोपत्री का होईना, पोरगं घरी राहायला आलं.

आता या म्हटलं तरी हात हलवत कसं जायचं? जुन्या ॲपमध्ये सात वर्षांचा संसार होता. एकच खातं आणि ते चौघांत: माझा फोन, बायकोचा स्वयंपाकघरातला टॅब, आईच्या खोलीतला स्पीकर आणि मुलगा इथे असेपर्यंत त्याचा कॉम्प्युटर. जो तो आपापल्या परीने बदाम दाबत गेला. बदाम म्हणजे गाणं आवडलं की दाबायचं ते चिन्ह. कंपनी त्याला 'लाइक' म्हणते, मुलगा 'हार्ट' म्हणतो. बदाम हे नाव आईचं. तिचं निम्मं आयुष्य बदाम सात खेळण्यात गेलेलं, ती त्या आकृतीला दुसरं काय म्हणणार? पहिल्या दिवशी तिने विचारलं होतं, "बदाम दाबला की गाणं आपलं झालं का रे?" मी म्हटलं, झालं.

ते खरं नव्हतं. बदाम दाबून गाणं आपलं होत नाही, फक्त यादीत नाव लागतं. गाणं रेकॉर्ड कंपनीचं, ॲपवाले त्यांचे भाडेकरू आणि आपण त्या भाडेकरूचे पोटभाडेकरू. वरच्या दोघांचा करार मोडला की गाणं यादीत तसंच राहतं, पण राखाडी पडतं. बोट ठेवावं तर वाजत नाही. सातबाऱ्यावर नाव आहे आणि जमीन धरणाखाली गेली आहे, अशी गत. गेल्या दिवाळीपर्यंत आमची निम्मी नाट्यगीतं धरणाखाली गेली होती. कधीकधी तर अख्खं गावच उठतं. पुण्याशी नाळ असलेलं 'धिंगाणा' नावाचं ॲप होतं, ते २०१४ साली बंद झालं आणि अमेरिकेच्या 'आरडिओ'ने विकत घेतलं. पुढच्या वर्षी त्या आरडिओचंच दिवाळं वाजलं. गुगल प्ले म्युझिक २०२० अखेर गेलं. एअरटेलचं विंक २०२४ मध्ये. गाणी अमर असतात असं सभांमधून सांगतात. ॲपचं सरासरी आयुष्य मात्र आमच्या मिक्सरएवढंच दिसतं.

तेव्हा ११४३ बदाम नेसत्या वस्त्रानिशी का होईना, बाहेर काढायचे ठरले.

"एक्स्पोर्ट करायचंय," असं मी निफाडच्या मेव्हण्याला सहज फोनवर बोललो. आमच्या भागात हा शब्द जपून वापरावा लागतो. पलीकडे एकदम सावध शांतता. "दाजी, कुठला माल?" मेव्हणा द्राक्षं युरोपला पाठवतो. "गाणी," मी म्हटलं. "कांदे नाहीत ना? मग करा," तो म्हणाला. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ कांद्याची निर्यात बंद होती तेव्हापासून त्याचा एकूण व्यवस्थेवर राग आहे. गाण्यांवर निर्यातबंदी असेल असं मात्र आम्हा दोघांनाही वाटलं नव्हतं.

ॲपमध्ये 'एक्स्पोर्ट' असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. सेटिंग्ज उघडल्या. त्यात खातं, खात्यात प्रायव्हसी, प्रायव्हसीत तळाशी, बँकेच्या फॉर्मवरच्या अटींइतक्या फिकट अक्षरांत 'आपल्या माहितीची प्रत मागवा'. मागवली. उत्तर आलं, विनंती मिळाली, तीस दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. ११४३ नावांना तीस दिवस! म्हणजे दिवसाला अडतीस गाणी. कोणीतरी हाताने वहीत उतरवून घेत असेल तर वेग वाईट नाही.

म्युनिकला असलेली भाची म्हणाली, "मामा, इथे हा आमचा हक्क आहे." तिकडे २५ मे २०१८ पासून जीडीपीआर हा कायदा लागू आहे. त्याच्या कलम २० प्रमाणे तुम्ही कंपनीला दिलेली माहिती कंपनीने तुम्हाला यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात परत द्यायची, म्हणजे ती उचलून तुम्ही दुसऱ्या कंपनीकडे जायला मोकळे. मी विचारलं, आपल्याकडे? आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या २०१९ च्या विधेयकात असा हक्क होता. २०२३ साली प्रत्यक्ष कायदा झाला तेव्हा त्यात तो नव्हता. सामान हलवताना एखादी पिशवी जुन्या घरीच राहते, तसं काहीसं झालं असावं.

बरं, हा देश असल्या बाबतीत अगदीच मागास आहे असंही नाही. २० जानेवारी २०११ पासून मोबाइल नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. 'पोर्ट' लिहायचं, पुढे आपला नंबर, आणि १९०० वर पाठवून द्यायचं. मी स्वतः दोनदा केलंय. दोन्ही वेळा जुन्या कंपनीचे जितके प्रेमळ फोन आले तितके लग्न ठरताना सासुरवाडीहूनही आले नव्हते. म्हणजे जो नंबर बँक आणि कर्जवाले सोडून कोणी फिरवत नाही, तो मी सन्मानाने घेऊन जाऊ शकतो. आणि जी गाणी रोज ऐकतो, त्यांच्यासाठी १९०० नाही.

सोळाव्या दिवशी फाइल आली. नाव 'माय डेटा', आडनाव झिप. आत बरंच काही होतं: मी कधी कुठल्या शहरातून ॲप उघडलं, काय शोधलं, काय शोधता शोधता सोडून दिलं. या सगळ्याच्या तळाशी आमचे बदाम एका सीएसव्ही फाइलमध्ये. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेली साधी यादी. गाणं, स्वल्पविराम, गायक, स्वल्पविराम, अल्बम, स्वल्पविराम, तारीख. किशोरीताईंच्या तासाभराच्या रागालाही एवढीच जागा आणि 'चिऊताई चिऊताई' छापाच्या दीड मिनिटाच्या बालगीतालाही एवढीच.

एक्सेलमध्ये उघडली, तर इंग्रजी नावं ठीक होती. जिथे देवनागरी असायला हवी होती तिथे कपाळावर तिरपी काडी घेतलेला इंग्रजी 'ए', त्याच्या शेजारी चार पायांचा गोल किडा, पुन्हा काडीवाला 'ए', पुन्हा किडा. अशी पानंच्या पानं. चाळीस ढेकूण एका ओळीत निघालेत असं वाटत होतं. मुलाने फोनवरून सांगितलं, फाइल नुसती दोनदा टिचकी मारून उघडायची नाही. एक्सेलच्या डेटा या भागातून आत घ्यायची आणि तिथे 'युटीएफ-८' निवडायचं. निवडलं आणि ढेकणांची एकदम सुमन कल्याणपूर झाली. साठीच्या घरात आलेल्या माणसाला इतका निखळ आनंद हल्ली क्वचित होतो. मी बायकोला बघायला हाक मारली. ती चूक होती.

कारण फाइलमध्ये शेवटचा रकाना तारखेचा होता. नुसती तारीख नाही. बदाम कोणत्या तासाला, मिनिटाला, सेकंदाला दाबला तेही. बायकोने हात पुसले, चष्मा लावला आणि माउस ताब्यात घेतला. ती तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेत लेखा विभागात होती. रकाना दिसला की तिला त्यात काहीतरी दिसतं.

"अहो, हे काय? १४ नोव्हेंबर, रात्री एक वाजून बावन्न मिनिटं. गझल."

मी म्हटलं, झोपलो असेन.

"झोपेत गझलेला बदाम?"

आणखी खाली गेली. तशा अकरा गझला निघाल्या. सगळ्या रात्री दीड ते अडीचच्या दरम्यान. मी आठवून आठवून थकलो. रात्री दीड वाजता मी आजवर फक्त ॲसिडिटीची गोळी शोधलेली आहे. पण पुरावा लेखी होता आणि समोर ऑडिटर होती. शेवटी मुलाला पुन्हा फोन. त्याने विचारलं, "वेळेच्या शेवटी 'झेड' आहे का?" होता. "मग ती ग्रीनिचची वेळ आहे. त्यात साडेपाच तास मिळवा."

एक बावन्न आणि साडेपाच तास. सात बावीस. सकाळचे. गोदापार्कला फिरायला गेलो की कानात गझल असते, हे सगळ्या कॉलनीला ठाऊक आहे. इतिहासात ग्रीनिचने एखाद्या नाशिककराची अब्रू वाचवल्याचा हा पहिलाच प्रसंग असावा. मी विजयी मुद्रेने चहा टाकायला गेलो.

आधण येईपर्यंत लक्षात आलं की बाहेर शांतता फार वेळ टिकली आहे. लेखा विभागाचा माणूस एका ओळीत साडेपाच मिळवून थांबत नाही; तो सगळ्या ओळींत मिळवतो. रात्रीचे प्रसंग सकाळचे झाले, तसे संध्याकाळचे काही प्रसंग रात्रीचे होत होते. फेब्रुवारीतल्या तीन ओळी. फाइलमध्ये वेळ सात चाळीस ते आठची, सात्त्विक, दिवेलागणीची. साडेपाच मिळवले की रात्री एक दहा ते दीड. तिन्ही गाणी तलत मेहमूदची.

"आणि हे हो?" असं म्हणत ती वळली, आणि वळता वळताच थबकली. त्या तीन रात्री मी चुलतबहिणीच्या लग्नाला सोलापुरात होतो. फोन घरी विसरून. ही विसरण्याची हकिकत बायको गेली चार वर्षं प्रत्येक समारंभात सांगते, त्यामुळे ती नाकारायची सोय नव्हती. टॅब घरी होता. टॅबबरोबर कोण होतं हेही उघड होतं.

तिने चष्मा काढला. म्हणाली, "चहा उतू जातोय." तारखेचा रकाना मग मीच काढून टाकला. तलतचा विषय आमच्याकडे पुन्हा निघालेला नाही. फक्त मी घोरतो का, एवढं एकदा मुलाला खासगीत विचारून घेतलं.

पुढचं काम वाटणीचं. नव्या प्लॅनमध्ये प्रत्येकाला स्वतंत्र खातं होतं, तेव्हा एकत्र कुटुंबाच्या ११४३ बदामांचे हिस्से पाडणं भाग होतं. गीतरामायण, भूपाळ्या आणि अभंग निर्विवाद आईचे. इंग्रजी आणि ज्यात गायकाला कोणीतरी मारतंय असं वाटतं ती सगळी मुलाची. एकशे अठरा बालगीतं समोरच्या ब्लॉकमधल्या शेजाऱ्यांच्या नातवाची. त्याला जेवताना आमच्या बायकोचा टॅब लागतो आणि एकेका घासाला तो एक बदाम दाबतो. ती वारसाहक्काने कुणाकडेच जाईनात. मधला बराच मुलूख माझा आणि बायकोचा सामाईक. त्यात सामाईक विहिरीवरून होतात तितपतच भांडणं झाली. शेवटी नऊ गाणी अशी उरली की जी चौघांपैकी एकाचीही नव्हती. त्यातलं एक भोजपुरी होतं. आई म्हणाली, माझं नाही. बायको म्हणाली, माझं नाही. मुलगा बंगळुरूहून शपथेवर म्हणाला, माझं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आजही सांगतो, माझं नाही. पण चाल चांगली आहे.

गाणी इकडून तिकडे हलवून देणाऱ्या साइट्स आहेत. पॅकर्स अँड मूव्हर्सच म्हणा. तुम्ही यादी द्यायची, दोन्हीकडच्या किल्ल्या द्यायच्या आणि लांब उभं राहायचं. मला वाटत होतं की हे लोक गाणी उचलून नेतात. ते गाण्याला हात लावत नाहीत. फक्त नाव वाचतात आणि नव्या गावात जाऊन त्या नावाचा माणूस शोधतात. आता 'पाटील' एवढंच विचारत कोल्हापुरात हिंडलात तर पाटील मिळेल. तुमचाच मिळेल असं नाही.

खरं तर यावर तोड आहे. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षरी-अंकी नंबर असतो. पहिली दोन अक्षरं देशाची, पुढची तीन नोंद करणाऱ्याची, मग दोन आकडे वर्षाचे आणि पाच आकडे अनुक्रमाचे. हे मी मेव्हण्याला सांगितलं तर त्याला क्षणात कळलं. "म्हणजे ग्रेपनेट!" द्राक्षाची पेटी रॉटरडॅमला उघडली तरी कोडवरून ती निफाडच्या कुठल्या प्लॉटची हे सांगता येतं, त्यातलाच प्रकार. फरक इतकाच की कोडमधलं वर्ष गाणं जन्मल्याचं नसतं, कोड दिल्याचं असतं. १९६० सालचं भावगीत सीडीवर येताना नोंदलं गेलं की ते २००५ चं होऊन बसतं. आमच्या पिढीच्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. गाण्यांचे गुरुजी तेच असावेत.

पण आमच्या फाइलमध्ये हा नंबर दिलेलाच नव्हता. फक्त नावं. आणि मराठी गाण्याचं नाव इंग्रजी लिपीत लिहिणं हा ज्याचा त्याचा खासगी छंद आहे. एकाच 'माझे'चं स्पेलिंग कोणी जे-एचने करतं, कोणी नुसत्या झेडने. एम-ए-झेड-ई असं वाचलं की इंग्रजी जाणणाऱ्या यंत्राला भूलभुलैया दिसतो. 'मन'चं होतं मॅन. 'वाट' व्ही-ए-टी लिहिली की व्हॅट. आपल्या भावगीतांत मन आणि वाट हे दोन शब्द वगळले तर मागे काय उरतं ते तुम्हीच बघा, आणि मग त्या यंत्राला माणूस आणि विक्रीकर यांच्या नात्याविषयी काय वाटलं असेल त्याची कल्पना करा.

गायकांचं त्याहून अवघड. भीमसेन जोशी, पं. भीमसेन जोशी, पंडित भीमसेन जोशी आणि भारतरत्न पंडित भीमसेन जोशी हे यंत्राच्या लेखी चार इसम. काही गाण्यांवर गायकाच्या जागी संगीतकार बसवलेला, काहींवर कवी. ग. दि. माडगूळकर हे नामवंत पार्श्वगायक होते अशी एका मोठ्या सर्व्हरची प्रामाणिक समजूत आहे.

अर्ध्या तासाने अहवाल आला. सापडली १०७१, सापडली नाहीत ७२. बहात्तरचं दुःख केलं आणि एक हजार एकाहत्तरच्या आनंदात झोपलो. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला आईच्या खोलीत भूपाळी लागली. नाव बरोबर होतं. लांबीही साधारण बरोबर. फक्त ती बेंजो पार्टीच्या साथीने होती. देव जागा झाला की नाही माहीत नाही, पण खालचे दोन मजले उठून गॅलरीत आले. 'सापडली' या शब्दाचा अर्थ तेव्हा कळला. कुमार गंधर्वांच्या जागी त्याच नावाचं कराओके आलं होतं, म्हणजे पेटी-तबला त्यांचा आणि गळा आपला. एका शांत अभंगाला कोणीतरी आडात सोडून गायला लावल्यासारखा घुमारा होता. त्याला लोफाय म्हणतात असं मुलगा म्हणाला. माझ्या एका गझलेच्या जागी झोप येण्यासाठी पावसाचा आवाज आला होता. तो मी ठेवला.

न सापडलेल्या बहात्तरांत एक गाणं असं होतं की ते सापडणं शक्यच नव्हतं.

वडील होते तेव्हाची गोष्ट. मेन रोडच्या मागे एका बोळात कॅसेट भरून देणारं दुकान होतं. १९५७ सालचा कॉपीराइटचा कायदा देशात होता, पण त्या बोळात तो शिरलेला नव्हता. वडील पाठकोऱ्या कागदावर गाण्यांची यादी करत. एका बाजूला तीस मिनिटं, दोन्ही मिळून साठ. प्रत्येक गाण्यापुढे पेन्सिलीने अंदाजे मिनिटं. यादी आणि कोरी कॅसेट दुकानात द्यायची, चार दिवसांनी घ्यायची. आम्ही तेव्हा याला एक्स्पोर्ट म्हणत नव्हतो एवढंच. दुकानदार शिस्तीचा. वडिलांचा हिशेब चुकून बाजू संपायला दोनेक मिनिटं उरली तर ती कोरी सोडणं त्याच्या तत्त्वात बसत नसे. तिथे तो स्वतःच्या आवडीचं काहीतरी भरून द्यायचा. वडील दरवेळी चिडायचे. "मी सांगितलं होतं का? याला विचारलं कोणी?" आणि दरवेळी त्याच्याचकडे जायचे.

अशाच एका कॅसेटच्या 'बी' बाजूला शेवटी त्याने एक युगुलगीत टाकलं होतं. ते पूर्ण मावलं नाही. दुसऱ्या कडव्यात बाई एक शब्द उचलते आणि तिथेच फीत संपून टेपरेकॉर्डरचं बटण खटकन वर येतं. आमच्या घराला ते गाणं इतकं आवडायला लागलं की आम्ही ते गुणगुणताना त्या शब्दाशी थांबायचो आणि कोणीतरी तोंडाने 'खट्' करायचं. बहीण लग्न होऊन गेली ती हे खट् घेऊन गेली. म्युनिकची भाची आजही करते. पुढे ॲपवर मी ते गाणं हौसेने शोधून काढलं, पूर्ण, तीन कडव्यांचं. आईला ऐकवलं. ती तिसरं कडवं संपेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "हे नाही ते. ते तिथे संपतं." तरी मी बदाम दाबून ठेवला होता. आता तेही गेलं. नव्या ॲपवर नावाने शोधलं तर त्या युगुलगीताचा फक्त पुरुषाने गायलेला अवतार आहे. बाई आल्याच नाहीत.

वडील गेले ते बरं झालं असं मी कधी म्हणत नाही, पण नव्या ॲपचं 'ऑटोप्ले' त्यांना बघावं लागलं नाही हे ठीकच. यादी संपली की ते आपल्याला न विचारता स्वतःच्या पसंतीचं पुढे वाजवत राहतं. त्या दुकानदाराला निदान दोनच मिनिटं मिळायची.

राहिलं गीतरामायण. ते पूर्ण आलं, छपन्नच्या छपन्न, बाबूजींच्याच आवाजात, बेंजोशिवाय. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून त्यातलं पहिलं गाणं लागलं तेव्हा आई दहा वर्षांची होती. पुढे आठवड्याला एक अशी वर्षभर ही गाणी तिने शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसून ऐकलेली आहेत. तिला क्रम पाठ आहे. म्हणून जुन्या ॲपवर मी एका रविवारी मुद्दाम छपन्नाव्यापासून पहिल्यापर्यंत उलट बदाम दाबत गेलो होतो, कारण नवा बदाम यादीत वर येतो. त्यामुळे यादी सुलट दिसायची. मला त्या युक्तीचा रास्त अभिमान होता.

साइटने यादी वरून वाचायला घेतली. पहिलं गाणं पहिल्यांदा टाकलं, दुसरं त्याच्यावर, तिसरं त्याच्यावर. छपन्नावं सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन बसलं. वाल्या कोळ्याने 'मरा मरा' म्हणत उलट्याचं सुलट केलं. आमच्याकडे सुलट्याचं उलट झालं.

मला हे तीन दिवसांनी कळलं. आई दुपारी जेवण करून आडवी होताना गीतरामायण लावते. मी धावत तिच्या खोलीत गेलो. म्हटलं, "आई, अगं क्रम चुकलाय. आज रात्री बसून सगळं नीट लावून देतो. छप्पन बदाम पुन्हा दाबायचे, फार नाही."

"कळलं मला पहिल्याच दिवशी," ती म्हणाली. "सुरुवातीलाच वाल्मीकी पोरांना सांगतायत, गायला लागा. मग सीतेला वनात सोडलं."

"तेच ना. शेवट आधी आला."

"असू दे की. नंतर बघ कसं नीट होत जातं. ती परत राजवाड्यात येते, रावण जिवंत होतो, त्याचा एवढा मोठा वंश परत उभा राहतो. वनवास मागे पडतो. लग्न होतं. पोरं लहान होतात." तिने कूस बदलली. "तू हात लावू नकोस."

मी म्हटलं, बरं.

"फक्त रामाचा जन्म झाला की बंद करत जा. त्याच्यापुढे कौसल्या परत उदास होते."